दुसऱ्या संगणकासाठी जुना लॅपटॉप

२०२५ सालच्या जून महिन्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी बाहेर पडतो तो चर्चच्या पायरीशी आमच्या गावातील एक माउली आपल्या मुलासह वाट पाहत उभी असलेली दिसली. मुलाच्या काखेत कापडी पिशवी होती आणि पिशवीत काळ्या रंगाचा एक लॅपटॉप. मुलगा खाली मान घालून उभा होता; बोलली ती आईच.

"फादर, जरा बघता काय? नऊ हजार मोजून आणलंय, आणि आता हे आम्हांला आत घ्यायलाच तयार नाही बघा."

मी झाकण उघडून बटण दाबले. यंत्र सुरळीत चालू झाले. थोड्या वेळाने पडद्यावर एका मोठ्या कंपनीचे नाव व स्वागताचे शब्द उमटले, आणि त्यांखाली मागणी आली की, कंपनीच्या कचेरीतील आपला ईमेल व पासवर्ड भरावा. खानापूर तालुक्यातील त्या गवंड्याच्या घरात त्या कंपनीचे नावही कोणी ऐकलेले नव्हते.

या कुटुंबाची गरज मात्र खरी होती. थोरली मुलगी बेळगावच्या एका कचेरीत हिशेबाचे काम करते आणि आठवड्यातील तीन दिवस घरूनच करते. तिच्यासाठी हप्त्यांवर घेतलेला एक नवा लॅपटॉप घरात आहे. धाकटा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षात विज्ञान शिकतो. त्याचे धडे, उत्तरे, प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव, सारे संगणकावरच. आई महिला बचत गटाची हिशेबनीस. तिलाही आता वहीतील आकडे संगणकात भरून द्यावे लागतात. यंत्र एक आणि वाटेकरी तीन. मुलीचे काम संपेपर्यंत रात्रीचे नऊ वाजत, मग मुलगा बसे, आणि आईची पाळी पहाटे चुलीला जाळ घालण्याआधी येई. नवा दुसरा लॅपटॉप घ्यावा तर निदान पस्तीस-चाळीस हजार हवेत. काजूच्या हंगामातून बाजूला टाकलेले पैसे त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. तेव्हा मुलाने बाजारात जाऊन जुना लॅपटॉप आणला, आणि तो असा निघाला.

अशी विचारणा माझ्याकडे वारंवार होते. सेमिनरीत असताना संगणक उघडून पाहण्याचे वेड मला लागले व ते अद्याप सुटलेले नाही, हे आमच्या गावकऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहावे असे मनात आले.

प्रथम, हे जुने लॅपटॉप येतात कोठून? बेंगळूरु, हैदराबाद, पुणे येथील मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांसाठी हजारोंनी लॅपटॉप घेतात, पुष्कळदा भाड्याने. तीन-चार वर्षांनी भाड्याची वा हमीची मुदत सरली की ते गठ्ठ्याने विकले जातात. बेंगळूरुचा एस. पी. रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा बाजारांतून फिरत फिरत ते लहान शहरांतील दुकानांत येतात. लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक ही त्यांतील नित्य दिसणारी नावे. थिंकपॅड हे नाव तसे जुने. आयबीएमने ते १९९२ साली आणले व २००५ साली तो धंदा लेनोव्होकडे गेला.

कंपन्यांसाठी घडवलेली ही यंत्रे घरगुती लॅपटॉपहून दणकट असतात. त्यांच्या बिजागऱ्या पक्क्या असतात, आणि त्यांपैकी पुष्कळ पाठ उघडून दुरुस्त करता येतील अशी बांधलेली असतात. सात वर्षे वापरलेले असे एखादे यंत्र, नव्याने विकल्या जाणाऱ्या अगदी स्वस्त लॅपटॉपपेक्षा मला अधिक भरवशाचे वाटते. परंतु याच कंपन्या आपल्या यंत्रांना आपली कुलुपे घालतात. यंत्र विकताना ती कुलुपे काढायचे कोणी विसरले, किंवा ते यंत्र रीतसर विकलेच गेले नसून कोणी लांबवलेले असले, तर ग्राहकाच्या पदरी कुलूपबंद पेटी येते.

ही कुलुपे दोन प्रकारची. पहिले बायॉसचे, म्हणजे यंत्र जागे होताना सर्वांआधी चालणाऱ्या मूळ व्यवस्थेचे. तेथे वरिष्ठ पासवर्ड घातलेला असला तर यंत्र कदाचित नेहमीप्रमाणे चालेलही. पण आतील मांडणी बदलू म्हटले की ते अडवील. थिंकपॅडच्या बाबतीत हा पासवर्ड हरवला तर मदरबोर्डच बदलावा लागतो. आतील लहान बॅटरी काढून तो पुसला जात नाही. आणि मदरबोर्ड बदलायचा म्हणजे दुसरे यंत्र घेण्याइतकाच खर्च. दुसरे कुलूप विंडोजच्या नोंदणीचे. कंपनीने त्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टकडे आपल्या नावे नोंदवलेली असते. विंडोज नव्याने घातले आणि यंत्र प्रथमच इंटरनेटला जोडले की ते धन्याची आठवण काढते. हे कुलूप यंत्राच्या डिस्कवर नसते, त्यामुळे डिस्क बदलूनही ते जात नाही. आमच्या गवंड्याच्या मुलाला हेच भोवले. दुकानात यंत्र उत्तम चालत होते. घरी आणून त्याने उत्साहाने विंडोज नव्याने घातले, बहिणीच्या मोबाइलवरून इंटरनेट जोडले, आणि पडद्यावर कंपनी येऊन उभी राहिली.

मुलगा हुशार. दोन दिवसांत त्याने कोठेतरी पाहून ठेवले होते की, हे कुलूप चुकवून आत शिरण्याची युक्ती आहे. "फादर, इंटरनेट न जोडता पुढं जाता येतंय. करू काय?" असे त्याने मला हळूच विचारले. आई ऐकत होती. मी त्याला म्हटले, "बाळ, यंत्र चालेल की नाही हा प्रश्न नंतरचा. ते तुझे आहे की नाही हे आधी ठरू दे." चोरीचा माल आहे हे जाणून, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो बेइमानीने घेणे अथवा जवळ ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली अपराध आहे. ते यंत्र चोरीचेच होते असे मी म्हणत नाही. बहुधा ते गठ्ठ्यातीलच असावे व नोंद काढायची राहिली असावी. पण ते कळण्यास कागद हवा होता, आणि मुलाने पावती घेतलेली नव्हती. पावतीवर कर लागेल, तशीच घे म्हणजे पाचशे कमी करतो, असे दुकानदार म्हणाला होता. हे पाचशे रुपये फार महाग पडले.

मुलाचा बाप त्या दुकानी तीनदा गेला. पहिल्या दोन खेपा दुकानदाराने ओळखच दाखवली नाही. तिसऱ्या खेपेस साडेसहा हजार परत केले आणि उरलेले अडीच हजार ठेवून घेतले. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाण्याचा मार्ग होता. तथापि हातात कागद नसता तक्रार उभी करणे किती जड, हे ज्याने केले आहे तोच जाणे. रोजची मजुरी बुडवून खेपा घालणे त्या माणसाला परवडण्यासारखे नव्हते. अडीच हजारांवर पाणी सोडून ते घरी आले.

तेव्हा वाचकहो, जुना लॅपटॉप घ्यायला जाल तेव्हा रंगरूप पाहण्याआधी कुलुपे पाहा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे. लेनोव्होवर चालू होतानाच एंटर व मग एफ-वन, डेलवर एफ-टू, एचपीवर एफ-टेन ही कळ दाबली की बायॉस उघडते. तेथे पासवर्ड मागितला तर यंत्र खाली ठेवून निघावे. "नंतर काढून देतो" या शब्दावर विसंबू नये. ते उघडले तर आतला सीरियल नंबर पाठीवरच्या नंबराशी ताडून पाहावा आणि तोच पावतीवर लिहून घ्यावा. मग दुकानदाराला सांगावे की, विंडोज मूळपदावर आणून, माझ्या मोबाइलचे इंटरनेट जोडून, माझ्यासमोर पहिल्यापासून सुरू करून दाखवा. याला अर्धा-पाऊण तास लागतो. सच्चा दुकानदार कुरकुरेल, पण करील. जो मुळीच करीत नाही, त्याचे मौन पुरेसे बोलके असते.

कुलुपांचा निकाल लागला की यंत्राच्या योग्यतेकडे वळावे. येथे माझा एकच दंडक आहे: जे पुढे बदलता येणार नाही ते आधी पाहावे, आणि जे बदलता येते त्यासाठी दुकानदाराला फार पैसे देऊ नयेत. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात. दुकानदार म्हणतो, "सोळा जीबी रॅम घातली आहे, पाचशे बारा जीबीची एसएसडी आहे," आणि ग्राहक भुलतो. रॅम व एसएसडी या दोन्ही वस्तू आपण स्वतः नव्या व हमीसकट घालू शकतो. जे मदरबोर्डला कायमचे चिकटलेले आहे, ते मात्र घेतले तसेच राहणार.

चिकटलेल्या वस्तूंत पहिला मान प्रोसेसरचा. "आय-फाइव्ह आहे" या एवढ्या शब्दांना काही अर्थ नाही. २०१२ सालचाही आय-फाइव्ह असतो आणि २०१८ सालचाही. पहिल्यात, म्हणजे त्या काळच्या लॅपटॉपमध्ये, काम करणारी डोकी दोन असत, तर दुसऱ्यात चार. पुढचा आकडा वाचावा. इंटेलच्या ८२५०, ८३५० अशा चार अंकी आकड्यांत पहिला अंक पिढी सांगतो; येथे आठवी पिढी. (दहाव्या पिढीपासून आरंभीचे दोन अंक पिढी सांगतात.) आठव्या पिढीचे महत्त्व असे की, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला, आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या वा त्यापुढच्या पिढ्यांनाच रीतसर चालते, सातव्या पिढीतील एखाददुसरा अपवाद सोडल्यास त्याहून जुनी यंत्रे त्यात बसत नाहीत. दुकानदार जुन्या यंत्रावरही विंडोज ११ चालवून दाखवतात. ते चालते, पण आडवाटेने घातलेले असते, आणि पुढे सुधारणा मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

दुसरी पाहण्याची वस्तू पडदा. १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचे पडदे त्या काळी पुष्कळ विकले गेले. बाजूने पाहिल्यास रंग उडतात व मराठीतील काना-मात्रा फुटक्या दिसतात. १९२० गुणिले १०८० चा पडदा मागावा. पडदा बदलता येतो हे खरे, पण गावच्या माणसाने त्या भानगडीत पडू नये. तिसरी गोष्ट रॅमच्या खाचा. काही यंत्रांत रॅम मदरबोर्डलाच डाखलेली असते व वाढवताच येत नाही. नावातील एका अक्षराने केवढा फरक पडतो पाहा: थिंकपॅड टी-४८० मध्ये रॅमच्या दोन्ही खाचा मोकळ्या, बदलण्याजोग्या, त्याच्याच जोडीच्या टी-४८०-एस या सडपातळ भावंडात काही रॅम डाखलेली आणि खाच एकच.

हा टी-४८० मी उदाहरणासाठी घेतला, कारण दुसऱ्या खेपेस मुलाने तोच घेतला. २०१८ सालचे हे यंत्र. या वेळी बापलेक आणि मी असे तिघे बेळगावास गेलो, दुसऱ्या दुकानी. दुकानदाराच्या मेजावर आम्ही दीड तास ठाण मांडले होते. पहिली वीस मिनिटे तो चिडला होता; पुढे त्याने चहा मागवला आणि मुलाला बायॉसमधील दोन गोष्टी स्वतःच दाखवल्या. प्रोसेसर ८३५०, पडदा मोठ्या ठिपकेसंख्येचा, रॅम ८ जीबीची एकच पट्टी, आणि आत ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. मूळची चांगली डिस्क काढून कोणीतरी ही घातली असावी. किंमत १४,००० रुपये, पावतीसह. हार्ड डिस्क पाहून मुलाचे तोंड उतरले. मला आनंद झाला, कारण तिच्यामुळेच यंत्र मंद वाटत होते व त्याची किंमत उतरली होती.

हार्ड डिस्क मंद का, हे सांगितले पाहिजे. तिच्यात एक तबकडी मिनिटास ५,४०० फेऱ्या घेते आणि एक चिमुकला हात तिच्यावर मागेपुढे सरकून हवी ती नोंद शोधतो. विंडोज चालू होताना अशा हजारो बारीक नोंदी लागतात. आमच्या पॅरिशच्या कपाटातील जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून शंभर दाखले काढायचे असावेत आणि प्रत्येक दाखल्यासाठी माणसाने पुन्हा खुर्चीवर चढून वेगळी वही काढावी, तशातला हा प्रकार. वाचायला वेळ लागत नाही, शोधायला लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. नोंद कोठेही असो, ती तत्काळ हाती येते. म्हणून जुन्या लॅपटॉपमध्ये एकच सुधारणा करण्याइतके पैसे असले तर ते एसएसडीवर घालावेत. रॅम वाढवण्याचा क्रमांक दुसरा. अभ्यास, पत्रे, हिशेब यांना ८ जीबी पुरते. १६ असली की ब्राउझरची दहा पाने उघडी ठेवूनही यंत्र धापा टाकीत नाही. रॅमची पट्टी घेताना डीडीआर-थ्री की डीडीआर-फोर हे विचारून घ्यावे, कारण दोहोंची खोबण निराळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

आम्ही ५०० जीबीची एसएसडी ३,१०० रुपयांना व रॅमची आणखी एक ८ जीबीची पट्टी १,५०० रुपयांना घेतली. हे भाव त्या महिन्याचे. २०२५ सालच्या उत्तरार्धात रॅमचे भाव एकाएकी चढले, तेव्हा माझ्या आकड्यावर विसंबून कोणी दुकानदाराशी हुज्जत घालू नये.

बॅटरीचे थोडे निराळे. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल देते. त्यात मूळची धारणाशक्ती व आजची धारणाशक्ती असे दोन आकडे असतात. टी-४८० ला बॅटऱ्या दोन, एक आत व एक पाठीमागे निघणारी. आतली २४ पैकी १९ वॉट-तास धरीत होती. मागची २४ पैकी अवघी ९. म्हणून मागची तेवढी बदलली, आणि बदलताना मोठी, ७२ वॉट-तासांची बसवली. २,६०० रुपये पडले. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉपची पाठ फुगलेली, मधला स्पर्शफलक वर उचललेला किंवा तळाचे झाकण नीट न बसणारे दिसले तर बॅटरी फुगली आहे असे समजावे, ती चालू करू नये, टोचू नये, आणि कचऱ्यात टाकू नये. असा माल नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेला पाहिजे.

जुलैतील एका शनिवारी दुपारी, बाहेर धो धो पाऊस कोसळत असता, माझ्या निवासातील जेवणाच्या मेजावर आम्ही ते यंत्र उघडले. आई शेजारी बसून पाहत होती. प्रथम बायॉसमध्ये जाऊन आतली बॅटरी तात्पुरती बंद केली. तशी सोय थिंकपॅडमध्ये आहे. चार्जर काढला, मागची बॅटरी काढली. पाठीचे स्क्रू सैल केले. ते झाकणालाच अडकून राहतात, गळून हरवत नाहीत; ज्याने कोणी ही योजना केली त्याचे भले होवो. मग एका जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत घालून झाकणाच्या चापा एकेक करून सोडवल्या. मुलाची बोटे थरथरत होती. "जोर नको, घाई नको," एवढेच मी म्हणत होतो. आतील भागांना हात लावण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. आम्ही खिडकीच्या गजाला हात लावला.

पंख्यात बेंगळूरुची राखाडी धूळ होती. आमच्याकडची तांबडी धूळ अजून शिरायची होती. मऊ ब्रशने ती झाडली. प्रोसेसरवरचा जुना वाळून खडखडीत झालेला लेप पुसून नवा लावला, कारण तो वाळला की उष्णता बाहेर पडत नाही आणि यंत्र आपण होऊन वेग कमी करते. डिस्क तिच्या पत्र्याच्या चौकटीतून काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. या यंत्रात फिरत्या डिस्कची केबल होती, म्हणून एसएसडीही त्याच आकाराची व जोडणीची घेतली होती. काही टी-४८० मध्ये तेथे पातळ पट्टीसारख्या एसएसडीची निराळी केबल असते, तेव्हा डिस्क विकत घेण्याआधी पाठ उघडून पाहणे बरे. रॅमची पट्टी तिरपी घालून खाली दाबली. दोन्ही बाजूंचे चिमटे टक् करून बसले.

झाकण लावले, मागची बॅटरी घातली, मुलाने बटण दाबले, आणि काहीही झाले नाही. पडदा काळा, दिवा नाही. पुन्हा दाबले. नाही. मुलाचा चेहरा पांढरा पडला. आईने पदर तोंडाला लावला. मलाही क्षणभर घाम फुटला, हे लपवण्यात अर्थ नाही. एकवीस हजारांचा व्यवहार माझ्या शब्दावर झाला होता. मग आठवले. बॅटरी बायॉसमधून बंद केली की चार्जर जोडेपर्यंत ती बंदच राहते, आणि नवी मागची बॅटरी तर दुकानातून रिकामीच आलेली. चार्जर लावला. लाल ठिपका पेटला, पडद्यावर अक्षरे उमटली, आणि रॅमच्या ओळीत १६ जीबी.

विंडोज ११ आम्ही मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर उतरवून घातले. पुष्कळांना ठाऊक नसते की, अशा यंत्रांचा मूळ परवाना मदरबोर्डवरच नोंदलेला असतो आणि विंडोज तो आपण होऊन वाचते. दुकानदाराच्या चोरट्या प्रतीची व तिच्यासोबत येणाऱ्या रोगराईची मग गरजच उरत नाही. इंटरनेट जोडण्याच्या क्षणी खोलीत कोणी बोलले नाही. कोणत्याही कंपनीचे नाव आले नाही. मुलाचेच नाव विचारले गेले. त्यानंतर लेनोव्होच्या संकेतस्थळावरून थंडरबोल्टची दुरुस्ती उतरवून घेतली. या पिढीच्या थिंकपॅडमध्ये त्या व्यवस्थेत एक दोष होता आणि त्यामुळे काहींचे यूएसबी-सीचे छिद्र कालांतराने निकामी होई, चार्जिंगही थांबे. ही दुरुस्ती विनामूल्य असते आणि ती पहिल्याच दिवशी करावी.

सर्व मिळून २१,२०० रुपये झाले. बुडालेले अडीच हजार धरले तर २३,७००. नव्या यंत्राच्या किमतीच्या दोन-तृतीयांशांपाशी हा आकडा पोहोचला असता तर मी त्यांना थांबा म्हटले असते. ज्याला चित्रपट जुळवायचे आहेत, मोठी यांत्रिक रेखाटने करायची आहेत, किंवा ज्याला घरात एकमेव संगणक हवा आहे आणि त्याच्यावर कोणाची नोकरी अवलंबून आहे, त्याने या वाटेला जाऊ नये. जुने यंत्र दुसरे म्हणून शोभते. ते एखाद्या दिवशी रुसले तर घर अडत नाही.

आठव्या पिढीहून जुने यंत्र ज्यांच्या घरी आधीच पडून आहे त्यांनी ते भंगारात घालण्याची घाई करू नये. माझ्या कचेरीत २०१२ सालच्या घडणीचा थिंकपॅड टी-४३० आहे. त्यात एसएसडी घातली आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट. ही व्यवस्था विनामूल्य मिळते, पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येते, आणि पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट सारे करते. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट मांडणीही तीत आहे. मी हा मजकूर तिच्यावरच लिहीत आहे. नोकरीसाठी विंडोजचाच एखादा विशिष्ट प्रोग्रॅम लागत असेल तर मात्र लिनक्स उपयोगाचे नाही, हे आधी पाहून घ्यावे.

हे यंत्र माझ्याकडे दुसरे म्हणून आले, त्यालाही कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी जुन्या नोंदवह्यांची नावनिशीवार सूची मी चार महिने खपून एकाच संगणकावर केली आणि तिची प्रत कोठेही ठेवली नाही. एके सकाळी डिस्कमधून टक् टक् असा आवाज आला आणि सूची गेली. वह्या शाबूत होत्या, म्हणून काम पुन्हा करता आले. पण ते चार महिने परत आले नाहीत. तेव्हापासून दर शुक्रवारी एका यंत्रावरचे काम दुसऱ्यावर व एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतो. घरात दुसरा संगणक आला की हा लाभ अनायासे मिळतो, आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. त्या गवंड्याच्या घरी मुलीची प्रमाणपत्रे, पगाराचे कागद, बचत गटाचा हिशेब आता दोन्ही यंत्रांवर आहे. ते काम मुलाने पहिल्याच रात्री केले. मी सांगितले म्हणून नव्हे, बहिणीने दटावले म्हणून.

आईसाठी आम्ही कळांवर मराठी अक्षरांच्या लहान चिठ्ठ्या चिकटवल्या. गेल्या वेळी भेटली तेव्हा तिची एकच तक्रार होती की, आता पहाटे उठून बसण्याचे कारण उरले नाही, तरी डोळा चार वाजताच उघडतो. मुलाच्या दोन मित्रांनी आपापल्या घरचे जुने लॅपटॉप येत्या शनिवारी आणायचे ठरवले आहे. एकाची हार्ड डिस्क आहे, दुसऱ्याच्या पंख्यात बहुधा झुरळ. तिघे मिळून मेजावर बसणार आहेत. स्क्रूड्रायव्हर आता मुलाच्या हाती असेल, मी शेजारी बसून पाहीन.